रद्दीतला समुद्र

मी बेलापूरला एका ऑफिसात एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. पॅकिंग लिस्टवरचं वजन आणि बिल ऑफ लेडिंगवरचं वजन जुळतंय का, कन्साइनीच्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का, माल न्हावाशेवाला वेळेत लागेल का, एवढंच माझं जग. माझ्या ईमेलमध्ये साहित्य नसतं. ‘माल निघाला, तीन पेट्या कमी आहेत, उरलेल्याचं पुढच्या जहाजाला बघू, घरी सगळे ठीक ना?’ अशा वाक्यांवर आमचा दिवस जातो.

म्हणून पनवेल-बेलापूर लोकलमध्ये उभ्याने फोनवर एक पत्र वाचताना मला हसू आलं. एडनचा एक व्यापारी मंगळूरच्या व्यापाऱ्याला कळवतोय की अमुक जहाजातला तुझा माल मिळाला, तमुक बुडालं, मिरीचा हिशोब असा, वेलचीचे पैसे त्या माणसाने अजून दिले नाहीत, आणि सोबत तुझ्या घरासाठी साखर, मनुका आणि कोरा कागद पाठवतोय. पत्र बाराव्या शतकातलं. अरबी भाषेतलं, पण लिपी हिब्रू. ते आज वाचता येतं कारण कैरोतल्या एका सिनेगॉगमध्ये कुणीतरी ते रद्दीत टाकलं होतं.

त्या रद्दीबद्दल, आणि तिच्यावरून लिहिलेल्या एका पुस्तकाबद्दल मला बोलायचंय. पुस्तक अमिताव घोषचं ‘इन ॲन अँटिक लँड’, 1992 सालचं. ते मला अतिशय आवडतं, आणि माझं त्याच्याशी भांडणही आहे.

आधी रद्दीचं. देवाचं नाव असलेला कागद फाडायचा नाही, जाळायचा नाही, ही ज्यू धर्मातली जुनी रीत. असे जीर्ण कागद एका जागी साठवायचे आणि पुढे पुरायचे. त्या जागेला गनिझा म्हणतात. जुन्या कैरोत, म्हणजे फुस्तातमध्ये, बेन एझरा सिनेगॉगच्या गनिझात लोक देवाचं नाव आहे की नाही हे न बघता हिब्रू अक्षरांतलं काहीही टाकत राहिले. लग्नाचे करार, काडीमोड, मुलांचे धडे, औषधांच्या याद्या, उधारीच्या चिठ्ठ्या, व्यापाऱ्यांची पत्रं. पुरायचं राहून गेलं, आणि इजिप्तची हवा कोरडी असल्यामुळे कागद टिकला.

1896 मध्ये ॲग्नेस लुइस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनी प्रवासातून आणलेलं एक पान केंब्रिजच्या सॉलोमन शेख्टर यांना दाखवलं. ते पान बेन सिराच्या ग्रंथाचं निघालं, आणि त्याची मूळ हिब्रू प्रत हरवली असंच तोवर सगळे मानत होते. शेख्टर कैरोला गेले आणि दोन लाखांच्या आसपास तुकडे घेऊन आले. पण त्यांचं लक्ष धर्मग्रंथांवर होतं. व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या त्यांच्या दृष्टीने भुसा होत्या, आणि त्यातली कितीतरी खोकी अनेक दशकं तशीच पडून राहिली.

तो भुसा ज्यांनी चाळला त्यांचं नाव शेलोमो गोइटाइन. 1950 च्या दशकापासून 1985 मध्ये जाईपर्यंत ते याच कामात होते. भूमध्यसागराच्या काठच्या समाजावरचे त्यांचे पाच खंड प्रसिद्ध आहेत. भारताशी चाललेल्या व्यापाराची कागदपत्रं त्यांनी वेगळी काढली होती. त्यांच्यामागे मोर्डेकाय फ्रीडमन यांनी ती पुरी केली आणि 2008 मध्ये ‘इंडिया ट्रेडर्स ऑफ द मिडल एजेस’ या नावाने नऊशेहून जास्त पानांचा ग्रंथ निघाला.

ज्यूंचे कागद म्हणजे ज्यूंचा इतिहास, असं आपल्याला वाटतं. गंमत अशी की या कागदांनी सगळ्यात मोठा धक्का शेजाऱ्यांच्या अभ्यासाला दिला.

अरबी भाषेचंच घ्या. शाळेत शिकलेली अरबी आणि घरात बोललेली अरबी यांत मोठं अंतर असतं, आणि जुन्या ग्रंथांत पहिलीच सापडते. हे व्यापारी मात्र अरबी शब्द हिब्रू अक्षरांत लिहीत होते. आपण व्हॉट्सॲपवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो, तेव्हा शुद्धलेखनाचा धाक सुटतो आणि ‘आहे’चं ‘ए’ होऊन जातं, तसंच. त्यामुळे त्या काळी माणसं खरोखर कसं बोलत होती याचा अंदाज या पत्रांतून येतो. यहोशुआ ब्लाउ यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावरून बोलीतल्या अरबीच्या इतिहासाची मांडणी केली.

इस्लामी राज्यांच्या इतिहासाचंही तसंच. इजिप्तच्या फातिमी खलिफांचं दफ्तर शाबूत राहिलंच नाही, असं बराच काळ मानलं जायचं. पण त्यांचे सरकारी हुकूम कापून, त्यांच्या कोऱ्या बाजूवर कुणी हिब्रू मजकूर लिहिला होता. तो हिब्रूसाठी जपला गेला आणि पाठीवरचा हुकूम फुकटात वाचला. मरीना रस्टो यांचं 2020 सालचं ‘द लॉस्ट आर्काइव्ह’ त्यावरच उभं आहे.

आणि आपला किनारा. बाराव्या शतकातल्या इथल्या व्यापाऱ्याने काय खाल्लं, कुणाचं देणं बुडवलं, कुणाच्या मुलीच्या लग्नाची काळजी केली, हे सांगणारा आपला कागद आपल्याकडे जवळपास नाही. आपल्याकडे ताम्रपट आहेत. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या 926 सालच्या ताम्रपटात राष्ट्रकूट राजाने संजाणवर नेमलेला एक अरब अधिकारी भेटतो. संस्कृतात त्याचं नाव ‘मधुमती’, म्हणजे मुहम्मद. तो नदी उतरायला फुकट नावेची सोय करतो, अन्नछत्र घालतो, देवीच्या मठाला गाव दान मिळवून देतो. थक्क करणारा मजकूर आहे. पण ताम्रपट कोरला जातो तो चंद्रसूर्य असेपर्यंत जगाने वाचावा म्हणून. त्यात मधुमतीची उधारी येणार नाही. तो रात्री कुठल्या भाषेत बडबडायचा, तेही येणार नाही.

गनिझाच्या पत्रांत नेमकं हेच येतं. म्हणून ही दोन्ही साधनं शेजारी ठेवून वाचावी लागतात. रणबीर चक्रवर्ती यांनी पश्चिम किनाऱ्याबद्दल हेच केलं आहे. कोकणातले लेख आणि कैरोचे कागद एकमेकांसमोर ठेवले की ‘नाखुदा’ आणि ‘नौवित्तक’ हे दोन शब्द एकाच प्रकारच्या माणसाकडे बोट दाखवतात. जहाजाचा मालक असलेला, समुद्रावर वजन असलेला व्यापारी. तो नाखुदा आपल्या कोळीवाड्यात आजही आहे. आपण त्याला नाखवा म्हणतो.

आता घोषच्या पुस्तकाकडे येते.

त्याचा नायक कुणी राजा नाही, खरं तर व्यापारीही नाही. ट्युनिशियातल्या महदियाचा अब्राहम बेन यिजू एडनमार्गे भारतात आला आणि 1132 ते 1149 या काळात बहुतेक वेळ मलबारच्या किनाऱ्यावर राहिला. मंगळूरला त्याचा काशाच्या भांड्यांचा कारखाना होता. एडनहून फुटकी भांडी यायची आणि इथे ओतून नवी होऊन परत जायची. त्याच्याकडे एक नोकर होता. मालकाचा माल घेऊन तो एडनला जायचा, तिथे दारू पिऊन गोंधळ घालायचा, जास्त पैसे मागायचा. मोठमोठे व्यापारी बेन यिजूला पत्र लिहिताना त्या नोकरालाही आठवणीने सलाम कळवायचे. 1942 मध्ये एका हिब्रू नियतकालिकात छापलेल्या पत्रात त्याचा पहिला उल्लेख आला, 1148 सालच्या पत्रात, शेवटाकडे. त्या एका ओळीसाठी घोष अरबी आणि हिब्रू लिपी शिकला.

पुस्तकातला मला सगळ्यात आवडणारा भाग इथे आहे. घोष त्याआधी मानववंशशास्त्राचा विद्यार्थी म्हणून इजिप्तच्या एका खेड्यात राहिला होता आणि तिथली खेडवळ अरबी शिकला होता. पुढे आठशे वर्षांपूर्वीची ही पत्रं वाचायला बसला, तर ती भाषा ओळखीची निघाली. मग नोकराचं नाव. अरबीत आणि हिब्रूत स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे हातात येतात फक्त ब आणि म. त्याचा उच्चार ठरवायला घोष मंगळूरला तुळू भाषेच्या आणि लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांकडे गेला, आणि तिथे त्याला ‘बोम्मा’ मिळाला. विचार करा. जेरुसलेमच्या ग्रंथालयातल्या हिब्रू अक्षरांचा उच्चार तुळुनाडूतल्या भूतांच्या कथा जाणणाऱ्या माणसाने लावून दिला. शेजारच्या शास्त्रांनी हस्तलिखितांकडून नुसतं घेतलं नाही, दिलंही.

इथपर्यंत मी घोषच्या सोबत आहे. भांडण पुढे आहे.

पोर्तुगीज येईपर्यंत हा समुद्र वेगळा होता, असं घोष मांडतो. वेगवेगळ्या धर्मांचे लोक शस्त्रांच्या जोरावर न जाता वाटाघाटी करून व्यापार करत होते, आणि वास्को द गामाच्या मागून आलेल्या तोफांनी ते जग बुडवलं. तोफांबद्दल तो खोटं बोलत नाही. पण ‘आधी सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं’ हे त्याला इतकं हवंसं वाटतं की हातातल्या कागदांपेक्षा त्याचा आवाज मोठा होतो.

कारण कागद काय म्हणतात? 1135 च्या सुमारास इराणच्या आखातातल्या किश बेटाच्या अमिराचं आरमार एडनवर चालून आलं. बंदर वेढलं गेलं, आणि रामिश्त या बड्या व्यापाऱ्याची जहाजं आली तेव्हा वेढा सुटला. हे आपल्याला गनिझाच्या पत्रांतूनच कळतं. आणखी एका पत्रात मंगळूरहून एक जहाजमालक आपल्या मेहुण्याला लिहितोय. मेहुणा गुजरातच्या किनाऱ्यावर चाच्यांच्या हाती सापडून नागवला गेलाय, आणि हा त्याला कळवतोय की अमक्या नाखुद्याकडून माझ्या नावावर पैसे घे, आणि मंगळूरला ये. त्या पत्रात माया आहे, वेगळ्या धर्माच्या नाखुद्यावर टाकलेला विश्वास आहे, आणि चाचेही आहेत. हे सगळं एकाच कागदावर आहे. घोषला हे ठाऊक नाही असं नाही, त्याच्या पुस्तकात लढाईही येते आणि चाचेही येतात. पण निष्कर्ष काढताना तो त्यांना दाराबाहेर उभं करतो.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. 17 ऑक्टोबर 1132 या दिवशी बेन यिजूने मंगळूरला एका मुलीला गुलामगिरीतून मुक्त केल्याचा लेख केला. तिचं नाव आशू. तिला ज्यू धर्मातलं नवं नाव मिळालं, तिला मुलं झाली. घोष इथे थबकतो. ‘प्रेम’ हा शब्द लिहायला पुरावा नाही हे तो मान्य करतो, पण ज्या पद्धतीने मान्य करतो त्यात वाचकाला प्रेमाच्याच दारात नेऊन सोडतो. फ्रीडमन जास्त कोरडे आहेत. बेन यिजूच्या हातच्या धर्मशास्त्रीय टिपणांवरून ते दाखवतात की दासीपासून झालेल्या मुलांचा दर्जा काय, हा प्रश्न त्याला अस्वस्थ करत होता. 1149 मध्ये तो मुलांना घेऊन एडनला परतला. मुलीचं लग्न पुढे त्याने आपल्या पुतण्याशी लावून दिलं, त्याचे कागद आहेत. आशूचं पुढे काय झालं याचा कागद नाही. तिच्या बाजूची एक ओळही नाही. ज्या रद्दीला आपण सामान्य माणसांचा आवाज म्हणून डोक्यावर घेतो, त्यात बोम्माला फक्त दुसरे लोक सलाम पाठवतात आणि आशूला तेवढाही नाही.

माझं म्हणणं असं की या हस्तलिखितांची किंमत नेमकी या मर्यादेत आहे. कागद जिथपर्यंत नेतो तिथपर्यंतच जायचं, आणि पुढे अंधार असेल तर तो अंधार म्हणून दाखवायचा. घोष मोठा कादंबरीकार आहे, त्याला अंधारात दिवा लावण्याचा मोह होतो. वाचक म्हणून मी त्या उजेडात सुखावते. पण सकाळी ऑफिसात आकडे जुळवताना मला कळतं की जुळत नसलेला आकडा आपल्या मनाने भरायचा नसतो.

हा मोह फक्त घोषला होत नाही. मलाही झाला. मी पनवेलची. आमच्या गावात बेथ एल सिनेगॉग आहे, 1849 चं. बेने इस्रायल समाज इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिला, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणाले. किहीमकर, पेणकर, नवगावकर अशी त्यांची आडनावं, आणि घरातली भाषा मराठी. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या, ही त्यांची मूळकथा. तेव्हा इंडिया ट्रेडर्स उघडल्यावर मी आधी काय शोधलं असेल? शनवार तेली. ज्यू, कोकण, बारावं शतक, सगळं जुळत होतं की!

ते त्यात नाहीत. ठाण्याचं नाव तुरळक येतं, माझ्या खाडीच्या पलीकडच्या ठाण्याचं, आणि तेवढ्यानेही मी लोकलमध्ये एकटीच खूश झाले. पण कोकणातल्या खेड्यात तेल गाळणाऱ्या ज्यूंबद्दल ते व्यापारी बोलत नाहीत. याच गनिझात ज्याच्या हातचे कागद सापडले तो थोर धर्मपंडित मायमोनिडीस, त्याचा धाकटा भाऊ दाऊद भारताच्या व्यापाराला निघून समुद्रात बुडाला. मायमोनिडीसने एका पत्रात लिहिलंय की भारतातल्या ज्यूंना शब्बाथ आणि सुंता यापलीकडे धर्माचं काही ठाऊक नाही. हे वर्णन बेने इस्रायलांना लागू पडेल असं वाटतं, आणि अनेकांनी ते लावलंही आहे. पण त्यात कोकण नाही, तेल नाही, गाव नाही. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी 1897 मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, तो 1937 मध्ये छापून आला. त्यांनाही जुन्या काळासाठी परंपरेवरच भिस्त ठेवावी लागली. परंपरा खोटी आहे असं मी म्हणत नाही. गनिझाला तिचा साक्षीदार म्हणून उभं करता येत नाही, एवढंच म्हणते. वेलचीचे पैसे बुडवणाऱ्या माणसाला पत्रांत ‘कारदार’ म्हटलंय. मराठी कानाला तो शब्द लगेच आपला वाटतो. पण कानाला वाटलं म्हणजे सिद्ध झालं नाही.

मग आपली बाजू कुठे आहे? तेव्हाच्या कोकणातही कुणी हिशोब लिहिले असतील. पण इथली हवा इजिप्तची नाही. वाळवी, बुरशी आणि चार महिन्यांचा पाऊस यांतून कागद आणि ताडपत्र आठशे वर्षं जात नाही, तांबं आणि दगड जातो. म्हणून आपल्या जुन्या इतिहासात दान देणारे राजे जास्त आणि पैसे मागणारे बोम्मा कमी. नंतरचा कागद मात्र राहिला. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद कोटींच्या हिशोबात आहेत. 1930 नंतर गो. स. सरदेसाईंच्या देखरेखीखाली त्यातल्या निवडीचे 45 खंड निघाले. काम अफाट होतं, पण निवड बव्हंशी राजकारणाची होती. शेख्टर यांनी धर्मग्रंथ उचलून चिठ्ठ्या मागे ठेवल्या, त्याहून ते फार वेगळं नव्हतं. ती रुमालं सोडून त्यातले बाजारभाव, भांडणं, मजुरी वाचत बसणाऱ्या गोइटाइनची आपल्याला अजून गरज आहे. मोडी शिकायला दोन-तीन महिने पुरतात म्हणे. मी नाव घातलंय, तिसरा धडा चालू आहे, ‘र’ आणि ‘न’मध्ये अजून फसते.

26 जुलै 2005 ला पनवेलमध्ये पाणी घुसलं तेव्हा मी शाळेत होते. आमच्या माळ्यावर आजोबांच्या वह्यांचं गाठोडं होतं. ते तांदळाच्या एका पेढीवर लिखापढी करायचे. माळ्यापर्यंत पाणी गेलं नव्हतं, पण घर आवरताना गाठोडं खाली आलं, ओल लागली, आणि आठवड्याभरात त्याचा लगदा झाला. आईने तो इतर चिखलासोबत बाहेर टाकला. कुणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही. त्या वह्यांत काय असणार? तांदळाच्या गोणी, कुणाची बाकी, कुणाची उचल.

आता मी त्या वह्यांचा विचार करते तेव्हा मला त्यात पनवेलचा इतिहास दिसतो असं म्हणायला हवं. पण तसं म्हटलं तर मी घोषचीच चूक करेन. त्या वह्यांत काय होतं हे मला माहीत नाही. मी त्या कधी उघडल्याच नाहीत.

गनिझाची हजारो पानं आज कुणालाही फुकट बघता येतात. केंब्रिजची डिजिटल लायब्ररी आणि प्रिन्स्टनचा गनिझा प्रकल्प फोनवर उघडतात. बेन यिजूचं अक्षर बघा. कागद महाग, म्हणून आलेल्या पत्राच्या पाठीवर, कडेला, जागा मिळेल तिथे त्याने हिशोब लिहिलेत, मसुदे केलेत, कविता केल्यात. पानावर झूम केलं की शाई कुठे संपली आणि त्याने बोरू पुन्हा कुठे बुडवला तेही दिसतं.